साध्या प्लेटवर लाल काळं येतं

आमच्या दुकानातून जेवढे चेहरे सुंदर होऊन बाहेर पडले, त्यातले निम्मे तरी गोदाक्कांनी सुंदर केलेले आहेत, आणि त्यातल्या एकाही चेहऱ्याला ते ठाऊक नाही. दुकान काशीच्या चौकात होतं. पाटीवर आधी माझ्या वडिलांचं आणि नंतर माझं नाव होतं. गिऱ्हाइकं फोटो हातात घेऊन म्हणायची, "वाह मास्टरजी, क्या हाथ है!" आणि मी मान लववून ती वाहवा खिशात घालायचो. हात माझा नसायचा. तो मंगळागौरीच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीशी, लाल आलवणातून बाहेर आलेला असायचा.

गोदाक्का वयानं माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या. कोकणातून लग्न होऊन काशीच्या एका वैदिक घराण्यात आल्या आणि चार वर्षांत नवरा गेला. पुढचं मी सांगायला नको. त्या काळी आमच्या घरांतून जे होत असे ते सगळं त्यांचं झालं. न्हावी आला, आलवण आलं, एकवेळचं जेवण आलं. सासरे गेल्यावर त्या पुतण्याकडे राहिल्या. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या. दात जरा पुढे, आवाज घोगरा, आणि बोलण्यात आम्हा काशीकरांची नेहमीची मराठी-हिंदी खिचडी. कुणी कीव करायला लागलं की त्या त्याच्याच तब्येतीची चौकशी सुरू करायच्या, आणि इतकी बारकाईनं करायच्या की तो माणूस स्वतःला आजारी समजून घरी जायचा.

सासरे शास्त्री होते. त्यांचे डोळे अधू झाल्यावर जुन्या पोथ्या गोदाक्काच नकलून द्यायच्या. अक्षर मोहरीएवढं, पण भिंगाखाली धरलं तरी एकही वळण मोडलेलं सापडायचं नाही. ते अक्षर एकदा माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी पाहिलं. दादांना तेव्हा रिटचिंगला माणूस हवा होता. ज्यांनी फोटोचं काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काचेच्या निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. गालावरचा देवीचा व्रण काचेवर स्वच्छ ठिपका होऊन दिसतो. त्या ठिपक्यात टोकदार पेन्सिलीनं हलक्या रेघा भरल्या की फोटोत व्रण उजळतो. उलट काही काळं करायचं असेल तर काचेवरचा थर चाकूनं खरवडायचा. पेन्सिल उजळते, चाकू काळं करतो. शास्त्र एवढंच, बाकी सगळा हात.

पण सोवळ्या बाईनं फोटोवाल्याचं काम करायचं म्हणजे काय! पुतण्या भालचंद्र भिक्षुकी करणारा, त्याचे यजमान कर्मठ. त्यानं एका अटीवर होकार दिला, की ही गोष्ट जिन्याखाली उतरता कामा नये. म्हणून प्लेटा लाल फडक्यात बांधून पोथी म्हणून जायच्या आणि पोथी म्हणून यायच्या. दादांच्या मागे हे नेणं-आणणं मी कुणावर सोपवलं नाही. गल्लीत कुणी हटकलं की मी म्हणायचो, "आक्कांना पोथी द्यायला निघालोय." विश्वेश्वराच्या नगरीत मी वर्षानुवर्षं खोटं बोललो, आणि तेही पोथीच्या नावानं.

दुसरं खोटं दादांचं होतं. प्लेटेवरचा तो थर सरसाचा असतो, आणि सरस म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला चिकटा. दादांनी गोदाक्कांना सांगितलं होतं, की तो डिंक आहे. मला ते फार लागायचं. दादा वारल्यानंतर एकदा मी धीर करून म्हटलं, "आक्का, तो डिंक नाही हो."

त्यांनी भिंगातून डोळा काढला नाही. म्हणाल्या, "मला मालूम आहे. नाक आहे ना मला? उन्हाळ्यात वास येतो."

"मग तुम्ही इतकी वर्षं..."

"काम झालं की अंघोळ करते. तुझ्या दादांना वाटायचं मला कळत नाही. बिचाऱ्यांना वाटू दिलं."

मी जिना उतरलो तो हसत. माणसाचं खोटं पकडून ते त्याच्याच उशाशी नीट घडी करून ठेवायचं, ही त्यांची रीत होती. पुढे माझ्यावर ती वेळ येणार आहे हे मला तेव्हा कुठं ठाऊक!

त्यांचं काम पाहणं हा एक सोहळा होता. सकाळचा उजेड गंगेवरून थेट खिडकीत यायचा. लाकडी उतरत्या चौकटीवर प्लेट, चौकटीखाली आरसा, आणि आरशानं वर फेकलेल्या उजेडात तो उलटा चेहरा. त्या खोलीत आरसा तेवढाच, आणि तोही आभाळाकडे तोंड केलेला. त्यात त्यांनी कधी स्वतःला पाहिलं असेल असं मला वाटत नाही. पेन्सिलीचं टोक बोटभर लांब, सुईसारखं. ते घासायलाच अर्धी सकाळ जायची. मी घाई केली की म्हणायच्या, "जल्दी असेल तर चुन्याची कूची आण आणि फिरव तोंडावरून. मला कशाला विचारतोस?"

प्लेटेतल्या माणसांशी त्या बोलत. "मान वर कर गं बाई, कुणाला भितेस?" "शेठजी, पोट आत घेतलंत, पण हनुवटी राहिली की!" त्या माणसांना त्यांनी कधी पाहिलेलं नसायचं, पण कुणाच्या डाव्या भुवईत केस विरळ आहेत आणि कुणाच्या कानाची पाळी फाटलेली आहे हे त्यांना पाठ असायचं. एकदा अन्नपूर्णेच्या देवळात एक अनोळखी बाई त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. गोदाक्कांनी अगदी घरच्यासारखं विचारलं, "काय, दात पाडला वाटतं?" ती बाई घाबरून प्रदक्षिणा अर्धी टाकून गेली.

आणि एक नियम. देवीचे व्रण त्या सगळे काढत, पण एक ठेवत. एका वकिलानं तक्रार केली तेव्हा मी त्यांना विचारलं. "एक असू दे," त्या म्हणाल्या. "सगळे काढले तर त्याच्या आईला ओळखू यायचा नाही." नंतर त्या वकिलाची आई खरंच दुकानात आली, फोटोवर बोट टेकवून रडली आणि तीन प्रती घेऊन गेली.

दूधविनायक मोहल्ल्यातल्या एका मुलीची गोष्ट तर आमच्याकडे कितीतरी वर्षं सांगत होते. मुलीचा फोटो ग्वाल्हेरला दाखवायला पाठवायचा होता. आईनं आदल्या दिवसापासून तिला हळद आणि बेसन चोळून चोळून तुकतुकीत केलं आणि दुकानात आणून बसवलं. मी फोटो काढला. आता आमची ती साधी प्लेट, स्वस्तातली, तिला सगळे रंग दिसत नसत. निळं ती पांढरं दाखवायची, लाल काळं दाखवायची, आणि पिवळंही काळंच. हळद लावलेली ती गोरीपान मुलगी फोटोत कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी निघाली. आईनं दुकानातच हंबरडा फोडला. ती पुन्हा बसवायला तयार होईना, म्हणाली, "तुमच्या पेटीत भूत आहे." शेवटी प्लेट गोदाक्कांकडे गेली. तीन दिवस त्या तिच्यावर बसल्या होत्या. चेहरा परत आला. मी उत्साहात म्हटलं, "आक्का, अजून जराशी उजळ करा ना, आई खूश होईल."

"नाही. आहे तेवढीच केलीय. जास्त केली तर सासरी गेल्यावर हिला आयुष्यभर ऐकावं लागेल, की फोटोत तर अशी नव्हतीस. तू जाशील का ऐकायला?"

लग्न झालं. गोदाक्कांना त्या लग्नात बोलावणं नव्हतं. सोवळ्या बाईला कोण बोलावतं? लग्नाच्या दिवशी त्या एका दुसऱ्याच प्लेटेतल्या मारवाडी आजोबांच्या सुरकुत्या भरत बसल्या होत्या. वाजंत्री खालून गेली तशी त्यांनी खिडकीतून वाकून नवरीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बरोबर आहे. आहे तेवढीच आलीय."

पण त्यांची खरी करामत वेगळी होती. काळ्यापांढऱ्या प्लेटेवरून त्या रंग सांगत. मी एकदा मुद्दाम परीक्षा घ्यायची ठरवली. तीर्थयात्रेला आलेल्या एका सरदारांच्या बायकांचा फोटो मी काढला होता आणि कोण काय नेसलं होतं ते लिहून ठेवलं होतं. प्लेट पुढे ठेवली. गोदाक्कांनी ती उजेडाकडे धरली.

"ही निळी. ही हिरवी. ती मधली लाल, जरीकाठी. कडेची पोरगी पिवळ्यात."

लाल, हिरवं, पिवळं, सगळंच तर काळपट आलेलं. मी चाट पडलो. "कसं कळतं हो?"

"लाल आलं की घडीत बिलकुल मरतं. हिरव्याच्या घडीत थोडा जीव राहतो. आणि काळं नेसून फोटोला कोण बसेल? शिवाय ही थोरली, हिला मुलं असणार, हिरवंच नेसणार." म्हणजे निम्मं डोळ्यानं आणि निम्मं शहाणपणानं. मी माझा कागद काढला. ती कडेची पोरगी केशरी नेसली होती, तेवढं एक चुकलं होतं. ते त्यांना मान्य झालं नाही. म्हणाल्या, "तुझ्या नजरेत गलती असेल."

मग पँक्रो प्लेटा आल्या. त्यांना लालसुद्धा दिसतं. आणि कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लाल काच धरली तर लाल जवळजवळ पांढरं होतं आणि निळं आभाळ काळं पडतं. साध्या प्लेटेच्या अगदी उलट. मी वेडाच झालो होतो. ज्याला त्याला त्या प्लेटेचं कौतुक ऐकवायचो. गोदाक्कांना ती आवडली नाही. एक प्लेट बघून त्या म्हणाल्या, "हिला सगळंच दिसतं. झाकायला काही ठेवतच नाही." मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या झाल्या.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. एक अमेरिकन साहेब त्या हिवाळ्यात काशीला येऊन राहिला होता. त्याच्याकडे नवी रंगीत फिल्म होती. ती धुवायला साता समुद्रापार जायची आणि कितीतरी दिवसांनी परत यायची, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या काचेसारख्या चित्रांच्या रूपात. मी रंगीत फोटो तोपर्यंत पाहिलेला नव्हता. साहेबाचं म्हणणं असं, की मासिकात आणि पुढे पुस्तकात छापायला त्याला काळेपांढरे फोटो हवेत, रंग छापणं परवडणारं नाही. तेव्हा ह्या रंगीत चित्रांवरून मी मोठ्या प्लेटेवर काळीपांढरी प्रत करून द्यावी. त्यातलं एक चित्र मी पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरून पाहिलं. नावेतून काढलेलं, शिंदे घाटावरची पहाट. ते अर्धं बुडालेलं, कललेलं देऊळ, निळंजांभळं आभाळ, पाण्यावर नारंगी जाळ, आणि पायऱ्यांवर एक लाल ठिपका.

ते चित्र मी गोदाक्कांना दाखवायला नेलं. कशाला नेलं? नवलाई म्हणून. त्यांनी काम केलं नसतं तरी चाललं असतं. त्यांना रंग दाखवावेत असं मनापासून वाटलं, हेही खरं आहे.

त्यांनी ते चित्र चौकटीवर ठेवून भिंग लावलं. आधी म्हणाल्या, "पाणी एवढं नारंगी नसतं. साहेबानं वाढवलंय." मग म्हणाल्या, "रंग आहेत म्हणून कुणी चित्र बघणारच नाही, रंगच बघत बसतील. रंग काढ, मग कळेल आत काय आहे ते." आणि मग त्या भिंगावर आणखी वाकल्या. भिंग त्या लाल ठिपक्यावर थांबलं होतं.

पंचगंगा घाट दारात असताना गोदाक्का पहाटेच्या स्नानाला शिंदे घाटावर जायच्या. तिथं ओळखीचं कुणी भेटत नाही म्हणून. "तिथं मला कुणी आक्का म्हणत नाही," असं म्हणायच्या. दिवसातला तेवढा एकच वेळ त्यांचा स्वतःचा होता. ते मला माहीत होतं, पण चित्र बघताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"खांद्यावर ठिगळ आहे," त्या म्हणाल्या. "मीच लावलेलं. मग ही मी."

बुडी मारून वर येताना ओला पदर घसरला होता. डोकं उघडं. तासलेलं. चेहरा अर्धा नावेकडे वळलेला. सोळाव्या वर्षानंतर गोदाक्कांनी स्वतःला पाहिलं ते असं.

मला वाटलं त्या रडतील. त्या अगदी कामाच्या आवाजात म्हणाल्या, "माधव, हे साध्या प्लेटवर कर. साध्या प्लेटवर लाल काळं येतं. मागं देवळाची सावली आहे, मी त्यात जाईन. डोकं तेवढं राहील, त्याचं मी बघते. प्लेट माझ्याकडे आण."

"आणतो, आक्का."

"पँक्रोवर नको हं."

"नाही करत," मी म्हटलं. वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

मी शब्द पाळला. साध्या प्लेटवर प्रत केली आणि लाल फडक्यात बांधून नेली. आलवण सावलीत विरून गेलं होतं, उघडं डोकं तेवढं वर तरंगत होतं. दोन दिवसांनी मी प्लेट घ्यायला गेलो. गोदाक्कांनी चाकूनं ते डोकं काचेवरून इतकं हळुवार खरवडलं होतं, की फोटोत तिथं काळा पदर यावा. मग पेन्सिलीच्या दोन-चार रेघांनी त्या पदराला चुण्या घातल्या होत्या. पायऱ्यांवर आता कुणीतरी बाई होती. कुणीही, डोक्यावरून पदर घेतलेली. काळ्यापांढऱ्यात ती सवाष्ण की विधवा हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मी म्हटलं, "चाकूचा ओरखडासुद्धा दिसत नाही, आक्का."

"न्हाव्यापेक्षा माझा हात हलका आहे," त्या म्हणाल्या, आणि चाकू पुसून ठेवला.

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. पुढची सांगितलेली नाही.

चित्र साहेबाला परत द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी ते पँक्रो प्लेटवर केलं, भिंगापुढे लाल काच धरून. का? बघायला. स्वतःला मी हेच सांगितलं, नुसतं बघायला. धुवायच्या तबकात प्रिंट हळूहळू वर आला. आभाळ काळंभोर, देऊळ काळं, पाण्याला रुपेरी धार, आणि त्या सगळ्या अंधारात मधोमध एक पांढरी बाई, ओल्या वस्त्रातून पाणी निथळणारी, उघड्या डोक्यावर उजेड. लालाचं पांढरं झालं होतं. रंगीत चित्रात जे नव्हतं ते ह्यात होतं. असा फोटो माझ्या हातून आधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. मला इतका आनंद झाला, की मी एकटाच हसलो. त्या क्षणी मला गोदाक्का आठवल्यासुद्धा नाहीत. मला लाज वाटते ती ह्याची.

दुसऱ्या दिवशी साहेब आला तेव्हा मी दोन्ही प्रिंट टेबलावर ठेवले. एक ठेवला असता तर तो एकच घेऊन गेला असता. गोदाक्कांचा प्रिंट त्यानं उचलला, बरा आहे म्हणाला, खाली ठेवला. दुसरा उचलला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. परत येऊन त्यानं विचारलं, "ही विधवा ना? तुमच्यातल्या विधवा पांढरं नेसतात, मी वाचलंय."

"हो," मी म्हटलं.

ते वस्त्र लाल आहे, ही आमच्या घरोब्यातली बाई आहे, आणि हा प्रिंट देण्यासाठी नाही, ह्यातलं काहीही मला बोलता आलं असतं. माझं इंग्रजी तेवढं चांगलं होतं. मी बोललो ते वेगळंच. छापताना खाली आमच्या दुकानाचं नाव द्याल का, असं मी विचारलं.

पुढल्या वर्षी ते विलायती मासिक काशीला आलं. विद्यापीठातल्या एका मराठी प्राध्यापकांकडे यायचं. ते घेऊन ते दूधविनायकाच्या गणेशोत्सवात आले, घाटाचा फोटो आलाय म्हणून कौतुकानं. मंडपात मासिक हातोहात फिरलं. एवढ्यात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अरे, ही तर भालूची काकू!" भालचंद्र तेव्हा गणपतीपुढे आवर्तनं म्हणत होता. त्याच्या मांडीवर ते पान आणून ठेवलं. खाली ठळक मथळा होता, 'काशीची विधवा', आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात माझ्या दुकानाचं नाव. मी तीन हातांवर बसलो होतो. भालचंद्रानं माझ्याकडे पाहिलं, मासिक मिटलं आणि आवर्तन जिथं थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं.

भालचंद्राला मी दोष देत नाही. त्यानं आवाज चढवला नाही, हे त्याच्या बायकोनं मला नंतर दाराआडून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "काकू, उद्यापासून पहाटेचं घाटावर नको. नावा असतात." आणि म्हणाला, "त्या पोथ्याही बस्स झाल्या."

मला तोंड दाखवायचा धीर व्हायला पंधरा दिवस लागले. गेलो. गोदाक्का खिडकीशीच बसल्या होत्या. लाकडी चौकट भिंतीला टेकवलेली. मी माफीचं भाषण जिन्यातच जुळवलं होतं.

"बस," त्या म्हणाल्या. "लाल काच लावलीस ना?"

"हो."

"तरीच. पाण्याची धार अशी उठून आली. तबकात किती वेळ ठेवलास?"

मी सांगितलं. दोन कारागीर बोलत असावेत तसं आम्ही पाच मिनिटं बोललो. आभाळ जरा जास्तच काळं आलंय, असं त्यांचं मत पडलं. मला वाटलं, सुटलो. मग मी म्हणालो, "आक्का, तुमचाच प्रिंट द्यायचा होता मला. साहेबानंच दुसरा निवडला."

गोदाक्का माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. "तू दाखवलास म्हणून निवडला ना?" त्यांनी विचारलं.

मी भिंतीला टेकवलेल्या चौकटीकडे पाहिलं.

"चांगला आलाय," त्या म्हणाल्या. "माझ्यासारखीच आलेय मी. आहे तेवढीच." मग उठल्या, पेन्सिली, चाकू, भिंग, सगळं एका फडक्यात बांधून माझ्यापुढे ठेवलं. "हे दुकानाचं आहे. घेऊन जा. आणि आता इकडे येत जाऊ नकोस, भालूला बरं वाटत नाही."

मी गेलो नाही. हे सांगायला सोपं, कारण त्यांनीच नको म्हटलं होतं. रिटचिंगला एक लखनौचा माणूस ठेवला. तो सगळे व्रण काढायचा, गिऱ्हाइकं खूश होती. त्या फोटोमुळे मला कामंही पुष्कळ आली. लोक दुकानात येऊन विचारायचे, तो शिंदे घाटाचा फोटो तुम्हीच केला का? मी हो म्हणायचो. प्रत्येक वेळी हो म्हणायचो.

गोदाक्कांना मी शेवटचं पाहिलं ते पुढल्या ज्येष्ठात. एका घरचा फोटो आटपून मी भर दुपारी पंचगंगेच्या वरच्या गल्लीतून चाललो होतो. पायांत बूट, डोक्यावर छत्री, तरी भाजून निघत होतो. कुत्रीसुद्धा सावलीला गेलेली. घाटावर चिटपाखरू नव्हतं, पाण्यात एकही नाव नव्हती. सहज खाली पाहिलं तर त्या सरळसोट पायऱ्यांवरून एक लाल आकृती वर येत होती. स्नान सोडलं नव्हतं त्यांनी. ज्या वेळेला कुणीही बघायला नसतं ती वेळ शोधून काढली होती, आणि काशीत उन्हाळ्यात ती हीच.

दगड तव्यासारखा तापलेला होता. गोदाक्कांच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. त्या वरच्या पायरीवर थोडंसं पाणी ओतायच्या, त्या ओल्या जागेवर पाय ठेवायच्या, मग पुढच्या पायरीवर ओतायच्या. खालून वरपर्यंत तेवढ्या ओल्या खुणा, आणि खालच्या खालच्या वाळून गेलेल्या. पाणी बेतानं, मोजून वापरत होत्या, त्यांच्या सगळ्याच कामासारखं. पण घाट उंच आहे. त्यांनी तांब्या पुरता उपडा केला, झटकला, तेव्हा वर अजून अकरा पायऱ्या होत्या.

त्या तिथंच थांबल्या आणि मान वर केली. मी वर उभा होतो. त्यांनी मला ओळखलं, की उन्हानं डोळे दिपले होते, ते मला आजही सांगता येत नाही. हाक मारायची, अकरा पायऱ्या उतरायच्या, छत्री त्यांच्यावर धरायची, पायातले बूट काढून पुढे ठेवायचे, एवढंच होतं. शेजारच्या घरातून घागरभर पाणी मागता आलं असतं. पण खाली उतरलो असतो तर त्यांच्या तोंडाकडे पाहावं लागलं असतं.

पायाखालची पायरी वाळेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी पाऊल उचललं. मी छत्री सावरली आणि गल्लीत वळलो.